भांड्याला डाख लावण्यापूर्वी



पातेल्याचा कान सुटला, बंब गळू लागला की आपण घरीच डाख लावायला बसतो. पैसे वाचतात हे खरे, पण डाख कोणता ते आधी पाहावे.

रेडिओवाल्याकडचा नेहमीचा डाख म्हणजे कथील आणि शिसे. ६० टक्के कथील व ४० टक्के शिसे असलेला डाख १९० अंश सेल्सिअसच्या आसपास वितळतो. भांड्यात पाणी आहे तोवर सांधा टिकतो. पाणी आटले की सुटलाच म्हणून समजा. आणि टिकला तरी घात टळत नाही. चिंच, ताक, आमसूल यांच्या आंबटाने शिसे अन्नात उतरते. चव नाही, वास नाही. लहान मुलांच्या मेंदूला ते कायमचे बाधते. कल्हईवाल्यालाही कथील शुद्ध आहे ना, हे विचारावे. रागावला तर रागावू द्या.

कानाला सर्वांत बरे रिव्हेट. त्यात वितळणारे काही नाही.

जस्ती पत्र्याची शेगडी वेल्डिंग करायची तर जोडाजवळचे जस्त आधी घासून काढा, काम उघड्यावर करा. त्या पांढऱ्या धुराने रात्री हुडहुडी भरून ताप येतो. गूळ खाल्ला, दूध प्याले की धूर बाधत नाही म्हणतात, त्यात तथ्य नाही.

स्टोव्हची टाकी रिकामी दिसली तरी आत रॉकेलची वाफ असते. तिला आच लावली तर स्फोट होतो. ती, कुकर आणि गॅसची नळी घरी जोडूच नये, बदलून घ्यावी.