ईथरची बाटली

वेदान्तापासून अर्थसंकल्पापर्यंत नाना विषय या व्यासपीठावर येऊन जातात. त्यांत ईथरसारखा विषय, आणि तोही कामगार संघटनेच्या कार्यकर्त्याच्या तोंडून, काहीसा विचित्र वाटेल. मी रसायनशास्त्राचा पदवीधर नव्हे. शाळा सातवीत सुटली. पुढचे शिक्षण इतरांची गाऱ्हाणी कागदावर उतरवताना जेवढे झाले तेवढेच. परंतु गाऱ्हाणी घेऊन येणाऱ्यांत महाविद्यालयांतल्या व औषध-कारखान्यांतल्या प्रयोगशाळांचे परिचर पुष्कळ असतात. विद्यार्थी त्यांना ‘मामा’ म्हणतात. भांडारातून बाटली आणणे, ती ओतून देणे, उरलेले टाकणे, भांडी धुणे ही सारी कामे मामांची. ईथरचे गुणधर्म पुस्तकात असतात, पुस्तक प्राध्यापकांच्या कपाटात असते आणि बाटली मामांच्या हातात असते. हे अंतर कसे मिटेल, हा माझ्यापुढचा प्रश्न आहे.

जुन्या पदार्थविज्ञानात प्रकाशलहरी वाहून नेणारे म्हणून जे ईथर कल्पिले होते, ते हे नव्हे. हे आपले साधे डायएथिल ईथर. अल्कोहोल आणि गंधकाम्ल यांपासून ते करण्याची कृती सोळाव्या शतकात जर्मनीतील व्हालेरिउस कोर्डुस याने लिहून ठेवली. १६ ऑक्टोबर १८४६ रोजी बॉस्टनच्या रुग्णालयात विल्यम मॉर्टन याने रोग्याला ईथर हुंगवले, शस्त्रक्रिया वेदनेवाचून पार पडली आणि या द्रव्याचे नाव जगभर झाले. श्रोत्यांतील काही वडीलधाऱ्या मंडळींना नाकावर ठेवलेली ती जाळी आणि तो गोडसर, उग्र वास अजून आठवत असेल. १९५६ साली हॅलोथेन वापरात आले, आणि न पेटणाऱ्या औषधांनी ईथरला शस्त्रक्रियागृहातून हळूहळू बाहेर काढले. प्रयोगशाळेतून मात्र ते गेले नाही. स्निग्ध पदार्थ त्यात चटकन विरघळतात आणि काम झाले की ते सहज उडून जाते. दुधातला स्निग्धांश काटेकोर मोजण्याच्या रोझ-गॉटलीब पद्धतीत ते लागते, वनस्पतींतली तेले काढताना लागते.

हे सहज उडून जाणे हाच त्याचा गुण आणि हाच त्याचा घात. ईथर ३४.६ अंश सेल्सिअसला उकळते. आपल्याकडे वैशाखात सावलीतला पारासुद्धा याच्या वर जातो. म्हणजे पत्र्याच्या छपराखाली ठेवलेले ईथर उघड्या भांड्यात असेल तर विस्तवावाचूनच उकळू लागेल आणि बंद बाटलीत असेल तर बुचावर दाब आणील. थंडीचेही त्याला भय नाही. उणे ४५ अंशांलाही त्याची वाफ ठिणगी मिळताच पेटू शकते.

पेटते ते ईथर नव्हे, ईथरची वाफ पेटते. आणि ही वाफ हवेच्या अडीचपट जड असते. ती वर जात नाही. टेबलावरून खाली उतरते, जमिनीलगत पाण्यासारखी पसरते, दाराच्या फटीतून शेजारच्या खोलीत शिरते, मोरीच्या नळीतून भलतीकडे निघते. दहा-पंधरा फुटांवर कोणी शेगडी पेटवलेली असेल तर वाफ तिथे पोचते, पेटते, आणि ज्वाळा आल्या वाटेने उलट पळत येऊन बाटली गाठते. बाटलीपाशी उभ्या असलेल्या माणसाने काडी ओढलेली नसते, विस्तव पाहिलेलाही नसतो. चौकशीच्या कागदावर मात्र ‘परिचराचा निष्काळजीपणा’ असे लिहिले जाते! असे दोन कागद माझ्या दप्तरात आहेत.

थोडा हिशेब करून पाहा. एक लिटर ईथर सांडून पूर्ण उडाले तर त्याची सुमारे २३५ लिटर वाफ होते. हवेत दर शंभर भागांत दोन भागांहूनही थोडी कमी वाफ मिसळली की मिश्रण पेटण्याजोगे होते, आणि छत्तीस भागांपर्यंत ते पेटण्याजोगेच राहते. म्हणजे सात फूट लांब, सात फूट रुंद आणि नऊ फूट उंच अशी खोली पेटती करायला एक लिटर पुरे. बहुतेक भांडारखोल्या याहून फार मोठ्या नसतात.

ठिणगी कुठून येते? ज्योत दिसते तरी. हॉट प्लेटला ज्योत नसते, म्हणून ती निर्धोक वाटते. पण ईथरची वाफ सुमारे १६० ते १८० अंशांच्या नुसत्या तापल्या पृष्ठभागाला लागूनही पेट घेते. म्हणून ईथर तापवायचे तर दुसऱ्या खोलीत गरम केलेले पाणी आणून त्यात भांडे ठेवायचे, तेही वाफ ओढून घेणाऱ्या फ्यूम हूडखाली. मोठ्या धातूच्या डब्यातून ओतताना द्रवाच्या घर्षणाने स्थिर वीज साठते. दोन्ही डबे तारेने जोडून ती तार जमिनीत उतरवावी लागते. विजेचे बटण दाबतानाही बारीक ठिणगी पडते. स्वयंपाकघरात गॅस गळला तर दिवा लावू नये, पंखा लावू नये, खिडकी उघडावी, हे आपल्या गृहिणींना पक्के ठाऊक आहे. ईथर सांडले तर नियम तोच.

आणि फ्रीज! एका महाविद्यालयात मी घरगुती फ्रीजमध्ये ईथरच्या दोन बाटल्या आणि त्यांच्या शेजारी कोणाच्या तरी ताकाचा गडू पाहिला. ‘उन्हाळा आहे, म्हणून थंडाव्याला ठेवल्यात’, असे उत्तर मिळाले. उत्तर भाबडे आहे, पण उलटे आहे. घरगुती फ्रीजमध्ये आत दिवा असतो, तापमान राखणारा खटका असतो. सैल बुचातून निघालेली वाफ त्या बंद पेटीत कोंडते आणि खटका पडला की दार उडते. ज्यांच्या आत ठिणगी पडत नाही असे खास फ्रीज मिळतात. महाग असतात, एवढेच.

दुसरा शत्रू मुका आहे. उघडलेल्या बाटलीत हवा शिरते, उजेड लागतो, आणि महिन्यामहिन्यांनी त्यात पेरॉक्साइड नावाची स्फोटक द्रव्ये तयार होतात. ती ईथरइतकी उडत नाहीत. म्हणून ईथर ऊर्ध्वपातनाने शुद्ध करताना तळाशी साचत जातात आणि भांडे कोरडे पडू लागले की फुटतात. यासाठी कारखान्यात बीएचटी नावाचे रक्षक द्रव्य घालतात, पण शुद्ध केलेल्या ईथरमध्ये ते उरत नाही. परीक्षा सोपी आहे : आम्लयुक्त पोटॅशियम आयोडाइडच्या द्रावणात थोडे ईथर हलवले आणि पिवळा रंग आला, तर पेरॉक्साइड आहे. अल्प असेल तर जाणकाराने हिराकसाच्या द्रावणाने धुऊन ते काढता येते. पण बाटली फार जुनी असेल, तारीख नसेल, बुचाभोवती स्फटिक किंवा तळाशी चिकट थर दिसत असेल, तर ती उघडायची नाही, हलवायचीही नाही. खोली बंद करून तज्ज्ञाला बोलवायचे. भंगारासाठी कपाट रिकामे करण्याचे फर्मान निघते, तेव्हा अशीच बाटली मामांच्या हाती लागते.

आगीबद्दल एकच सांगतो. ईथर पाण्याहून हलके आहे. जळत्या ईथरवर बादली ओतली तर ते पाण्यावर तरंगत, जळत, सगळीकडे पसरते. कोरड्या भुकटीचे किंवा कार्बन डायऑक्साइडचे अग्निशामक हवे, आणि ते दाराजवळ हवे, किल्लीच्या कपाटात नव्हे.

कपड्यांचा विषय निघाला की लोक हसतात, म्हणून एक घटना सांगतो. २९ डिसेंबर २००८ रोजी लॉस एंजेलिसच्या कॅलिफोर्निया विद्यापीठात २३ वर्षांची एक संशोधन-साहाय्यक हवेशी गाठ पडताच पेटणारे एक रसायन सुईने ओढून घेत होती. ते पेंटेन नावाच्या, ईथरइतक्याच उडणाऱ्या द्रावकात विरघळवलेले होते. सिरिंजचा दट्ट्या निसटला. अंगात प्रयोगशाळेचा सुती कोट नव्हता. कृत्रिम धाग्याचा स्वेटर होता, तो पेटला. अठरा दिवसांनी ती वारली. ती विद्यार्थिनी नसून पगारी नोकर होती, म्हणून तिथला कामगार-सुरक्षेचा कायदा लागू पडला, दंड झाला, आणि २०११ अखेर विद्यापीठावर व प्राध्यापकावर फौजदारी आरोप ठेवले गेले. पुढे ते तडजोडीने मिटले. पगारपत्रकावर नाव नसते, तर तो कायदा तिला लागू पडला नसता.

आपल्याकडे १९८४ च्या भोपाळनंतर, १९८७ साली, कारखाना कायद्यात दुरुस्ती होऊन धोक्याच्या द्रव्यांची माहिती कामगाराला देण्याचे बंधन मालकावर आले. पण तो कायदा कारखान्यांचा; महाविद्यालयातले मामा त्याच्या कक्षेबाहेर राहिले. म्हणून आमच्या मागणीपत्रात पगाराच्या कलमाखाली आम्ही एक बिनखर्ची कलम घातले : ईथरच्या प्रत्येक बाटलीवर मराठीत चिठ्ठी असावी, तीत बाटली आल्याची तारीख, उघडल्याची तारीख व टाकण्याची तारीख शाईने लिहावी, आणि चिठ्ठी नसलेली बाटली उचलण्यास नकार देणाऱ्या परिचरावर कारवाई होऊ नये. दोन संस्थांनी पहिला भाग मान्य केला. नकाराचा भाग त्यांच्याकडे अजून विचाराधीन आहे.