आमच्या मॅटॅडोरचा ब्रेक

आर्ट्‌सच्या विद्यार्थ्याने ब्रेकवर लेख लिहावा हे संपादक मंडळाला चमत्कारिक वाटले. ‘त्यापेक्षा कविता दे,’ असे सांगण्यात आले. परंतु गेले वर्षभर आमच्या घरात ब्रेकखेरीज दुसरा विषय नव्हता. तेव्हा जे माहीत आहे तेच लिहितो.

आमचे गाव केम. करमाळा तालुक्यातले, पुणे–सोलापूर लोहमार्गावरचे आणि हळदीच्या कुंकवासाठी प्रसिद्ध असलेले. माझे वडील, म्हणजे आमचे अण्णा, चौथी शिकलेले. ते कुंकवाची पोती पंढरपूर-तुळजापूरला पोचवतात. गाडी जुनी डिझेल मॅटॅडोर. फिरोदियांच्या बजाज टेम्पो कंपनीची ही गाडी एके काळी खेडोपाडी दिसे. कंपनीचे नाव २००५ साली फोर्स मोटर्स झाले, आमची गाडी मात्र अजून चालूच आहे.

गेल्या नवरात्राच्या आधी तुळजापूरला माल टाकून उरलेली पोती घेऊन आम्ही सोलापूरच्या बाजूने घाट उतरत होतो. पुढची एस.टी. एकदम थांबली. अण्णांनी ब्रेकवर पाय दिला, पण त्यांचा उजवा गुडघा दुखरा. जोर पुरेना. ते सीटवरून अर्धे उठले, सारे अंग पेडलवर टाकले, मी हँडब्रेक ओढला. एस.टी.पासून हातभर अंतरावर गाडी थांबली. घाट उतरेपर्यंत दोघेही बोललो नाही. रात्री आई म्हणाली, “विकून टाका ती गाडी.” गाडी गेली असती तर माझे कॉलेजही तिच्यामागे गेले असते, हे तिघांनाही ठाऊक होते.

आता ब्रेककडे वळू. पेडल दाबले की मास्टर सिलिंडरमधले ब्रेक ऑइल नळ्यांतून चाकांकडे ढकलले जाते आणि तेथील लायनर ड्रमला आतून घट्ट दाबतात. आमच्या गाडीत हा सारा जोर ड्रायव्हरच्या पायाचा. बूस्टर बसवला म्हणजे पायाच्या मदतीला हवा येते. बेल्जियमच्या अल्बेर दवांद्र या इंजिनिअरने १९२७ साली ही युक्ती काढली.

हवेला वजन असते हे आपण शाळेत घोकतो, पण मला ते खरे पटले ते बूस्टर पाहून. पत्र्याचा मोठा गोल डबा, मध्ये रबरी पडदा. एरवी पडद्याच्या दोन्ही बाजूंची हवा ओढून घेतलेली असते, म्हणून तो स्वस्थ बसतो. पेडल दाबताच झडप फिरते आणि पेडलच्या बाजूला बाहेरची हवा आत शिरते. पुढची बाजू पोकळ, मागे हवा, मग पडदा पुढे ढकलला जाणारच. हिशेब सोपा आहे. हवेचा दाब दर चौरस सेंटिमीटरला सुमारे एक किलो. वीस सेंटिमीटर व्यासाच्या पडद्याचे क्षेत्रफळ ३१४ चौरस सेंटिमीटर. दोन बाजूंत ०.७ किलोचा फरक धरला तरी जोर होतो २२० किलो! एवढी माणसे आमच्या केबिनमध्ये मावत नाहीत.

पण ही पोकळी आणायची कोठून? येथेच आमचे पैसे बुडाले. पहिल्या मिस्त्रीचा हात पेट्रोल गाड्यांवर बसलेला. त्याने बूस्टरची नळी इंजिनच्या हवा घेणाऱ्या पाइपला जोडून दिली. पेट्रोल इंजिनात त्या वाटेवर थ्रॉटलची झडप असते, ती अर्धवट मिटलेली असताना इंजिन हवा ओढते आणि पलीकडे आपोआप पोकळी होते. आमच्या डिझेल इंजिनाला तशी झडपच नाही, ते हवी तेवढी हवा खुशाल घेते. त्यामुळे बूस्टर बसूनही पेडल दगडासारखेच राहिले. दुसरे मिस्त्री, वयस्क, नळी बघून नुसते हसले. त्यांनी व्हॅक्युम पंप जोडलेला आल्टरनेटर बसवला. हा पंप आल्टरनेटरच्याच दांड्यावर फिरतो. त्याला इंजिनातले ऑइल पुरवावे लागते आणि ते परत चेंबरमध्ये येण्याची वाटही करावी लागते.

बूस्टरला हात लावण्याआधी त्यांनी चारही चाके उघडायला लावली. जोर वाढला की तो जुन्या नळ्यांवरही वाढतो, आणि कुजलेली रबरी नळी ऐन घाटात फुटते. म्हणून नळ्या, लायनर, व्हील सिलिंडर नवे घातले. दोन कप्प्यांचा मास्टर सिलिंडर बसवला, म्हणजे एका बाजूची नळी फुटली तरी दुसरी बाजू धरते. खर्च येथेच जास्त झाला. अण्णा कुरकुरले, पण मला हे बूस्टरहूनही महत्त्वाचे वाटते.

एक गोष्ट रेल्वेशी ताडून पाहण्यासारखी आहे. आपल्या गाड्यांना पूर्वी व्हॅक्युम ब्रेक असत. तेथे पोकळी ब्रेक सोडून धरी, नळी तुटली की ब्रेक आपोआप लागत. मोटारीत उलटे आहे. इंजिन बंद पडले तर डब्यातल्या शिल्लक पोकळीवर दोन-तीनदाच मदत मिळते, मग पुन्हा आपला पाय. म्हणून उतारावर इंजिन बंद करून डिझेल वाचवणाऱ्यांनी सांभाळावे. शिवाय तापलेल्या ड्रमला बूस्टर थंड करीत नाही. घाटात खालचा गिअर टाकावाच लागतो.

बूस्टर चालतो की नाही हे कोणालाही पाहता येईल. इंजिन बंद ठेवून पेडल चार-पाच वेळा दाबावे, ते कडक होईल. मग पाय तसाच ठेवून इंजिन चालू करावे. पेडल किंचित खाली गेले तर ठीक. नाही गेले तर आमच्यासारखे मिस्त्री बदला.

काम झाल्यावर आई पहिल्यांदा गाडीत बसली, मांडीवर कुंकवाचा डबा. स्टेशनच्या रस्त्याला कुत्रे आडवे आले. अण्णांनी जुन्या सवयीने अंगाचा भार टाकून ब्रेक दाबला. गाडी जागच्या जागी खिळली आणि डबा उडून पुढच्या काचेवर फुटला. आई रागावली नाही. काचेच्या फटीतून अजून कुंकू निघते.