चालता चालता बंद पडणारे एंजिन

माल घेऊन चढ चढणारी जुनी पिकअप गाडी अर्ध्या वाटेत गुदमरते व बंद पडते. घटकाभर थांबल्यावर मात्र मुकाट्याने सुरू होते. दोनदा असे घडले की मालक नवा कार्ब्युरेटर आणावयास निघतो. कार्ब्युरेटर बिचारा पुष्कळदा निर्दोष असतो.

एंजिन बंद असतानाच हवेच्या गाळणीचे झाकण काढून कार्ब्युरेटरच्या तोंडात पाहावे (जवळ विडीकाडी मुळीच नको!) व अ‍ॅक्सिलरेटरची दांडी हलवावी. पेट्रोलची बारीक चिळकांडी उडाली, तर दोष ठिणगीकडे शोधावा. न उडाल्यास पेट्रोल बहुधा वाटेतच अडलेले असते.

ते अडते कोठे? अमेरिकेत १९४७ ते १९६५ या काळात बनलेल्या विलीज पिकअपसारख्या गाड्यांत पेट्रोलचा पंप एंजिनाच्याच बगलेस असे. हा पंप पेट्रोल ओढतो, म्हणजेच नळीतील दाब कमी करतो. पेट्रोलचे हलके घटक एरवीही सुमारे ३५ ते ४० अंश सेल्सियसला उकळू लागतात. कमी दाबाखाली त्याहूनही लवकर. त्यात एंजिनाची धग! नळीत बाष्प साठते आणि पंपाचा पडदा ते नुसते दाबतो व सोडतो. पंपावर ओले फडके ठेवून काही वेळ थांबावे.

टाकीच्या झाकणाचे श्वासछिद्र धुळीने बुजले, तरी लक्षण हुबेहूब हेच दिसते. उपसलेल्या पेट्रोलच्या जागी हवा येत नाही, टाकीतील दाब उतरत जातो आणि पंप हरतो. थांबल्यावर फटींतून हवा झिरपते व गाडी पुन्हा चालते. म्हणून गाडी बंद पडताच प्रथम झाकण सैल करावे. फुस्स आवाज करीत हवा आत शिरली, तर छिद्र टाचणीने मोकळे करावे.