जुन्या मोटारीतील विजेचा लपंडाव

पेण तालुक्यातील जोहे, हमरापूर, कळवे या गावांत आषाढ-श्रावण म्हणजे गणेशमूर्तींच्या कारखान्यांचा ऐन हंगाम. बाहेर पाऊस कोसळत असतो, आत रंगकाम चालू असते आणि साहित्य आणण्यासाठी, माल पोहोचवण्यासाठी गाड्यांच्या खेपा थांबत नाहीत. नेमक्या याच दिवसांत जुन्या मोटारींचे विजेचे दुखणे डोके वर काढते. हेडलाइट लावले की वायपर मंदावतो. ब्रेक दाबला की इंडिकेटर उगाचच मिणमिणतो. हॉर्न घसा बसल्यासारखा वाजतो. मग दोन-तीन दिवस उघडीप मिळाली की सारे आपोआप पूर्ववत होते आणि गाडी गॅरेजमध्ये नेली, तर तेथे ती पाहुण्यांसमोरच्या मुलासारखी शहाण्यागत वागते.

या दुखण्यावरचा रूढ उपचार सर्वांच्या परिचयाचा आहे. आधी बॅटरी बदलायची, मग डायनमो, मग फ्लॅशर, मग स्विच. (हल्लीच्या भाषेत अल्टरनेटर, परंतु गॅरेजमध्ये जुने नावच चालते.) प्रत्येक वेळी काही हजार रुपये जातात आणि पुढच्या सरीबरोबर दुखणे परत येते. पैशांचे नुकसान एक वेळ सोसता येईल. परंतु कर्नाळ्याच्या खिंडीत मुसळधार पावसाच्या रात्री मागचे दिवे विझलेली गाडी मागून येणाऱ्या ट्रकचालकाला दिसतच नाही, हा धोका लहान नव्हे. या दोषाचे मूळ बहुतेक वेळा कोणत्याही महागड्या भागात नसते. ते जोडणीत असते, आणि त्यातही विजेच्या परतीच्या वाटेत. अंदाजाने ते सापडत नाही, मोजमापाने मात्र हमखास सापडते.

जुन्या गाड्या म्हणजे कोणत्या? कुर्ल्याच्या कारखान्यात तयार झालेली प्रीमियर पद्मिनी आता दुर्मीळ झाली आहे. मुंबईतल्या शेवटच्या काळ्या-पिवळ्या पद्मिनी टॅक्सीची वीस वर्षांची मुदत ऑक्टोबर २०२३ मध्ये संपली. अँबॅसॅडरचे उत्पादन २०१४ मध्ये थांबले. डिसेंबर १९८३ मध्ये रस्त्यावर आलेल्या मारुती ८०० चे उत्पादनही जानेवारी २०१४ मध्ये बंद झाले. तिच्या कितीतरी गाड्या मात्र अजून इमानेइतबारे धावत आहेत. या गाड्यांचे एक मोठे सुख असे की, त्यांतील दिवे, हॉर्न, वायपर यांची विद्युतरचना साधी आहे. बटण, फ्यूज, तार, बल्ब आणि परतीची वाट, एवढेच तिचे घटक. थोडा धीर असेल तर सामान्य माणसालाही ती समजू शकते.

घरातील दिव्याला दोन तारा लागतात. एकीतून वीज येते, दुसरीतून परत जाते. मोटारीत बहुतेक ठिकाणी येणारी तार एकच असते. परतीचे काम गाडीचा लोखंडी सांगाडाच करतो. बॅटरीची ऋण बाजू एका जाड पट्टीने बॉडीला आणि इंजिनाला जोडलेली असते आणि प्रत्येक दिव्याची एक छोटी तार, बहुधा काळ्या रंगाची, जवळच्या पत्र्याला बोल्टने आवळलेली असते. मेकॅनिक यालाच 'बॉडी अर्थ' म्हणतात. तारेची बचत करणारी ही युक्ती कोरड्या हवेत उत्तम चालते. पेणच्या खाडीकाठी मात्र तिची कसोटी लागते.

पेणच्या शेतकऱ्याला ही गोष्ट समजावून सांगायला पुस्तकाची गरज नाही. खारभूमीच्या बांधाला उघाडी असते. ती मोकळी असेल तर शेतातले पाणी ओहोटीला निघून जाते. ती गाळाने बुजली तर पाणी शेतात तुंबते आणि शेवटी भलत्याच ठिकाणी बांध फोडून वाट काढते. विजेचेही तसेच. मागच्या दिव्याच्या अर्थचा बोल्ट गंजला की ब्रेक-दिव्यातली वीज परतीची वाट शोधत शेजारच्या इंडिकेटरच्या बल्बमधून उलटी शिरते. म्हणून ब्रेक दाबताच इंडिकेटर मिणमिणतो. चालकाला वाटते इंडिकेटर बिघडला. प्रत्यक्षात इंडिकेटर निर्दोष असून उघाडी बुजलेली असते. दिवे लावताच पेट्रोलचा आणि तापमानाचा असे दोन्ही काटे एकदम हलले, तर डॅशबोर्डाच्या अर्थवर संशय घ्यावा. दोन स्वतंत्र गोष्टी एकाच क्षणी बिघडणे हे दोघांची वाट समाईक असल्याचे लक्षण असते.

वाट बुजते कशी, हे पितळेच्या भांड्यात ताक कळकलेले ज्यांनी पाहिले आहे त्यांना सहज उमगेल. तांब्याची तार, तिच्या टोकाचे कथील चढवलेले थिंबल, लोखंडी बोल्ट आणि पत्रा असे वेगवेगळे धातू एकत्र आवळलेले असतात. त्यांच्यात खाऱ्या हवेचा ओलावा शिरला की तेथे एक चिमुकला विद्युतघटच तयार होतो आणि धातू झिजू लागतो. लोखंडावर तांबडा गंज आणि तांब्यावर हिरवा कळंक चढतो. दोन्ही विजेचे वाईट वाहक. कारखान्याच्या मांडवात उभ्या राहणाऱ्या गाडीच्या फ्यूजबॉक्सवर बारीक भुकटीचा थर बसतो आणि तो ओल धरून ठेवतो. त्यातून पावसात दिवे, वायपर, पंखा हे सारे एकाच वेळी चालू असते. म्हणजे वाट सर्वांत अरुंद असते तेव्हाच तिच्यावर गर्दी सर्वाधिक. पावसात दोष का उमटतो, याचे निम्मे उत्तर ओलाव्यात आहे आणि निम्मे या गर्दीत.

आता थोडे गणित, कारण सारे रहस्य त्यातच आहे. साठ वॅटचे दोन हेडलाइट बारा व्होल्टवर मिळून दहा अँपियर वीज ओढतात. त्यांच्या समाईक अर्थमध्ये केवळ ०.२ ओहमचा अडथळा आला, तरी जर्मन शास्त्रज्ञ गेओर्ग ओहम यांनी १८२७ मध्ये मांडलेल्या नियमानुसार दीड व्होल्टहून अधिक दाब त्या गंजातच खर्ची पडतो. बल्बचा प्रकाश दाबापेक्षा कितीतरी वेगाने घटतो. दाब दहा टक्क्यांनी उतरला तर प्रकाश सुमारे तीस टक्क्यांनी उतरतो. सेल्फची गोष्ट आणखी नाजूक. तो शंभर अँपियरहून अधिक वीज ओढतो, त्यामुळे ०.०१ ओहमचा अडथळाही त्याचा एक व्होल्ट गिळतो. इतका सूक्ष्म अडथळा साध्या मल्टिमीटरच्या ओहम पट्टीवर दिसतच नाही. तारेच्या पिळातले सारे धागे तुटून एकच शिल्लक असेल, तरीही मीटर 'जोडणी ठीक' असेच सांगतो. अनुभवी मेकॅनिकही येथे फसतात. वीज वाहत नसताना वाट तपासणे म्हणजे भर उन्हाळ्यात उघाडी पाहून ती मोकळी असल्याचे ठरवण्यासारखे आहे.

म्हणून मोजमाप करायचे ते दिवे चालू ठेवून, आणि ओहमचे नव्हे तर व्होल्टचे. काही शे रुपयांचा डिजिटल मल्टिमीटर त्याला पुरेसा आहे. काही तास उभ्या असलेल्या गाडीच्या बॅटरीवर १२.६ व्होल्टच्या आसपास आकडा दिसला तर ती पूर्ण भरलेली आहे, १२.२ म्हणजे साधारण निम्मी. इंजिन चालू करून थोडी रेस दिल्यावर १३.८ ते १४.४ च्या दरम्यान आकडा आला तर डायनमोही ठीक. हे दोन आकडे योग्य असतील तर या दोन वस्तू विकत घेण्याचे कारण उरत नाही. मात्र जुनी बॅटरी नुसत्या आकड्यात बरी दिसून सेल्फ मारताना कोसळू शकते. तेव्हा सेल्फ फिरत असताना तिचा दाब दहा व्होल्टच्या खाली जात नाही ना, हेही पाहावे.

यानंतर खरा शोध सुरू होतो. मीटरची काळी सुई बॅटरीच्या ऋण खांबावर ठेवावी. क्लँपवर नव्हे, प्रत्यक्ष शिशाच्या खांबावर. डिकीपर्यंत सुई पोहोचत नसेल तर एक लांब तार जोडून घ्यावी. ज्या दिव्याची तक्रार आहे तो लावावा आणि लाल सुई त्याच्या होल्डरच्या अर्थच्या बाजूला टेकवावी. वाट मोकळी असेल तर आकडा ०.२ व्होल्टच्या आत राहतो. समजा, तो १.९ आला. आता लाल सुई बॅटरीच्या दिशेने एकेक पाऊल मागे आणायची: होल्डर, काळ्या तारेचे थिंबल, बोल्ट, त्याखालचा पत्रा. थिंबलवर १.९ आणि पत्र्यावर ०.१ दिसले, तर चोर या दोघांच्या मध्ये, बोल्टखालच्या गंजात आणि रंगात लपला आहे. सीट उचकटावी लागत नाही, डॅशबोर्ड खोलावा लागत नाही. परतीची वाट निर्दोष निघाली तर हीच रीत येणाऱ्या वाटेवर वापरावी. एक सुई बॅटरीच्या धन खांबावर आणि दुसरी बल्बच्या येणाऱ्या टोकावर ठेवून अर्ध्या व्होल्टहून मोठा आकडा आला, तर फ्यूजची पकड, स्विच आणि सॉकेट ओळीने तपासावे.

इंजिनाच्या अर्थची चाचणी स्वतंत्रपणे करणे आवश्यक आहे. एक सुई इंजिनाच्या स्वच्छ धातूवर, दुसरी ऋण खांबावर ठेवून कोणाला तरी सेल्फ मारायला सांगावे. आकडा अर्ध्या व्होल्टच्या आत हवा. ही पट्टी तुटली असेल तर सेल्फची प्रचंड वीज क्लचच्या किंवा अॅक्सिलरेटरच्या केबलमधून परत जाऊ पाहते. सेल्फ मारल्यावर केबल गरम लागणे किंवा तिच्यातून धूर येणे, हे याचे अचूक चिन्ह होय. केबल वारंवार खराब होते म्हणून ती बदलत राहणारे अनेक जण असतात. पट्टीकडे कोणी पाहत नाही.

दोष गॅरेजमध्ये प्रकटच होत नसेल तर तो मुद्दाम उभा करावा लागतो. मीटर लावून ठेवायचा, दिवे चालू ठेवायचे आणि फवारणीच्या बाटलीने एका वेळी एकाच जोडणीवर साधे पाणी शिंपडायचे. तारांचा जुडगा हाताने हलके हलवून पाहायचा. आकड्याने उडी मारली की जागा सापडली. या कामात घाई केली आणि एकदम चार ठिकाणी हात घातला, तर दोष जातो खरा, पण कशाने गेला हे कळत नाही आणि महिन्याभराने तो परत येतो.

उपाय शोधापेक्षा सोपा आहे. बॅटरीची ऋण तार सोडवावी, बोल्ट काढावा, पत्रा आणि थिंबल पॉलिश पेपरने धातू चकाकेपर्यंत घासावे, दातेरी वॉशर घालून बोल्ट घट्ट आवळावा आणि मग वरून पेट्रोलियम जेली लावावी. क्रम उलटा करू नये. थिंबलजवळची तार सोलल्यावर आत तांबे काळे पडलेले दिसले, तर लखलखीत तांबे लागेपर्यंत ती कापावी. पुरात बुडालेल्या गाडीत, आणि २६ जुलै २००५ नंतर अशा गाड्या असंख्य झाल्या, पाणी वेष्टनाच्या आतून बरेच अंतर चढलेले असते. अशी तार बाहेरून नवी दिसते.

एका गोष्टीबाबत मात्र कठोरपणे बोलले पाहिजे. वारंवार उडणाऱ्या फ्यूजच्या जागी चांदीचा कागद किंवा तारेचा तुकडा घालण्याची सवय जीवघेणी आहे. पंधरा अँपियरचा फ्यूज उडतो तो मागची बारीक तार वाचवण्यासाठी. तो बंद पाडला की तारच फ्यूज बनते आणि ती पेटते गालिच्याखाली किंवा डॅशबोर्डामागे. प्रकाश वाढावा म्हणून मूळ तारांवर शंभर वॅटचे बल्ब बसवणे हेही त्याच माळेतले. मिणमिणत्या दिव्यांना बहुतेक वेळा मोठ्या बल्बची नव्हे, स्वच्छ अर्थची गरज असते.

रात्रीतून बॅटरी उतरण्याची तक्रार वेगळी, तिची तपासणीही वेगळी. सर्व काही बंद करून ऋण तार सोडवावी आणि मीटर अँपियरवर ठेवून मध्ये जोडावा. जुन्या गाडीत आकडा ५० मिलिअँपियरच्या आत असायला हवा. जास्त असेल तर एकेक फ्यूज काढत जावे. ज्याने आकडा कोसळेल त्या शाखेत गळती. सारे फ्यूज काढूनही आकडा तसाच राहिला तर डायनमोमधले डायोड तपासून घ्यावेत. मीटर असा जोडलेला असताना सेल्फ मारू नये, मीटर जळतो. डिकीतला पाच वॅटचा एक विसरलेला दिवाही ३५ अँपियर-तासांची बॅटरी दोन दिवसांत सेल्फ फिरणार नाही इतकी उतरवतो. २००० सालानंतरच्या, इंजिनाला संगणक असलेल्या गाड्यांत बल्बचा टेस्ट लॅम्प सेन्सरच्या तारांना लावू नये. तेथे फक्त डिजिटल मीटर.

आणि उंदीर. जोहे परिसरात बाप्पाच्या पायाशी दरवर्षी असंख्य मूषक घडतात. त्यांचे जिवंत भाईबंद पावसाळ्यात ऊब शोधत बोनेटखाली येतात आणि तारांची वेष्टने कुरतडतात. फ्यूज अचानक उडू लागला तर बोनेट उघडून आधी लेंड्या दिसतात का ते पाहावे, मग मीटर हाती घ्यावा.

अर्थचे बोल्ट उघडून घासण्याचे काम मृग नक्षत्र लागण्यापूर्वी, मे महिन्याच्या कोरड्या उन्हात करून घेणे सर्वांत सोयीचे. मूर्तींच्या खेपांची धांदल तेव्हा अजून शिगेला पोहोचलेली नसते. त्या दिवशी मिळालेले व्होल्टचे आकडे गाडीतल्या वहीत तारखेसह लिहून ठेवावेत. श्रावणातल्या एखाद्या रात्री दिवे पुन्हा मंदावले, तर कोणता आकडा बदलला एवढेच तपासायचे राहते.