कावेरीतले दोन महसीर

गळाने मासे पकडण्याचा छंद असलेल्यांना भारतातला सगळ्यात दमदार मासा कोणता असं विचारलं, तर उत्तर बहुधा एकच येतं: महसीर. पण महसीर हा काही एकच मासा नाही. आज आपण त्यातले दोनच घेणार आहोत, कारण या दोघांची गाठ कावेरीत पडली आणि त्यात एकाचं फार नुकसान झालं.

पहिला आपल्या ओळखीचा, निळ्या परांचा महसीर. शास्त्रीय नाव टॉर खुद्री. कर्नल साइक्स यांनी 1839 मध्ये त्याचं वर्णन केलं, तेही पुण्याजवळच्या मुळा-मुठेतल्या माशावरून. म्हणजे हा कृष्णा खोऱ्यातला. दुसरा कावेरीचा कुबड्या महसीर. डोक्यामागून पाठ एकदम वर चढते, शेपटी नारिंगी. अंगानं हा कितीतरी मोठा. 1946 मध्ये काबिनी नदीत गळाला लागलेला एक मासा 120 पौंडांचा, म्हणजे साधारण 54 किलोंचा होता! आपला निळा त्याच्या जवळपासही जात नाही.

आता गंमत बघा. एवढा मोठा, जगभरातल्या शौकिनांना माहीत असलेला मासा. पण त्याचं शास्त्रीय नाव पक्कं व्हायला 2018 उजाडलं. 2007 मध्ये केरळातल्या पांबार नदीतल्या लहान माशांवरून टॉर रेमादेवी ही जात नोंदली गेली होती. मोयार नदीतले मासे आणि त्यांचा डीएनए तपासल्यावर कळलं, की कुबड्या तो हाच.

मधल्या काळात काय झालं? लोणावळ्याच्या वळवण तलावाकाठी टाटांच्या मत्स्यबीज केंद्रानं 1970 च्या दशकापासून निळ्या महसीरची पैदास केली. काम खरोखर मोठं होतं आणि हेतूही चांगला होता, की महसीर वाचावा. बोटुकली ठिकठिकाणी गेली, कावेरीतही सोडली गेली. तेव्हा 'महसीर तो महसीर' असाच हिशेब होता.

कावेरीकाठच्या गळवाल्यांच्या छावणीत मासा पकडायचा, वजन करायचं, वहीत लिहायचं आणि परत सोडायचा असा शिरस्ता होता. 1998 ते 2012 च्या त्या नोंदी संशोधकांनी तपासल्या. निळे वाढत गेलेले, कुबडे घटत गेलेले. पण जे थोडे कुबडे मिळत, ते दरवर्षी आणखी मोठे! शौकिनाला यात आनंदच वाटणार. आम्हाला मात्र ही ओळ वाचताना धस्स होतं. मोठेच मिळतात याचा अर्थ लहान उरलेच नाहीत. म्हाताऱ्यांच्या मागे पिढीच नाही.

सगळा दोष बोटुकल्यांवर टाकणं बरोबर नाही. धरणं आहेत, वाळूउपसा आहे, सुरुंग लावून केलेली मासेमारी आहे. तरी आज कुबड्या महसीर आंतरराष्ट्रीय लाल यादीत अतिधोक्याच्या वर्गात आहे, आणि एकेकाळी संकटात मानलेला निळा आता चिंता नसलेल्यांत.

2012 मध्ये अभयारण्यातली गळाची मासेमारी बंद झाली. नियम प्राण्यांच्या भल्यासाठीच होता, पण त्याबरोबर ती वहीही थांबली.