आवाज नीट ऐकू आल्याशिवाय एंटर नको

आमच्या आपाला दिसत नाही. तरी घरचा हिशेब, शिकवणीच्या मुलांच्या टिपणी, नातेवाइकांना पत्रे हे सारे ती संगणकावर स्वतः करते. पडद्यावर काय आहे ते तिला स्क्रीन रीडर बोलून सांगतो.

मागच्या पावसाळ्यात अपडेट चालू असताना वीज गेली. नंतर संगणक सुरू केला, तर नेहमीच्या पडद्याऐवजी विंडोजचा दुरुस्तीचा पडदा समोर आला. आपाच्या रोजच्या वापरातले एनव्हीडीए तेथे चालत नाही. तेथे विंडोजचा स्वतःचा नॅरेटरच कामाला येतो. कंट्रोल, विंडोज आणि एंटर या तीन कळा एकत्र दाबल्यावर तो बोलू लागला. पण इतका हळू, की पंख्याच्या घरघरीत शब्द हरवून जात.

आम्ही म्हणालो, "आपा, राहू दे, आम्ही वाचून बटण दाबतो."

ती म्हणाली, "आणि तुम्ही घरी नसाल तेव्हा? आधी आवाज वाढवू या."

तिचे बरोबर होते. या पडद्यावर चुकीच्या ऐकण्याची किंमत मोठी असते. 'रीसेट धिस पीसी' निवडले की पुढे दोन पर्याय येतात. 'कीप माय फाइल्स' आपल्या फाइली ठेवतो, फक्त बसवलेले प्रोग्राम आणि सेटिंग काढतो. 'रिमूव्ह एव्हरीथिंग' मात्र सगळेच पुसतो. अर्धवट ऐकून एंटर दाबले, तर वर्षांची मेहनत जाऊ शकते.

दुरुस्तीच्या वेळी पूर्ण विंडोज चालू नसते, एक छोटी व्यवस्था चालू असते. तेथे खालच्या कोपऱ्यातली आवाजाची नेहमीची पट्टी नसते. म्हणून आम्ही दोन गोष्टी केल्या. कॅप्स लॉक आणि कंट्रोल दाबून ठेवून अधिक चिन्हाची कळ पुन्हा पुन्हा दाबली. नॅरेटरचा आवाज वाढवण्याची हीच रीत आहे. वजा चिन्हाने तो कमी होतो. मग फिरवायचे बटण असलेला तारेचा जुना स्पीकर जोडला. त्याचा आवाज त्याच्याच बटणाने वाढतो, त्यासाठी विंडोजची गरज पडत नाही. पंखा बंद केला आणि शब्द स्वच्छ ऐकू आले. आपाने 'स्टार्टअप रिपेअर' स्वतः निवडले. थोड्या वेळाने संगणक पूर्ववत सुरू झाला.

अशी वेळ सांगून येत नाही, म्हणून तयारी आधीच हवी. तारेचा स्पीकर किंवा हेडफोन हाताशी ठेवावा. ब्लूटूथवर विसंबू नये. महत्त्वाच्या फाइलींची प्रत पेनड्राइव्हवर असावी. बिटलॉकर चालू असेल, तर दुरुस्तीच्या वेळी 48 अंकी किल्ली मागितली जाऊ शकते. ती ब्रेलमध्ये किंवा विश्वासू माणसाकडे लिहून ठेवावी. संगणक ठीक असताना शिफ्ट दाबून रीस्टार्ट केले, तरी हाच पडदा येतो. तेथे नॅरेटर सुरू करून आवाज तपासावा आणि काहीही न बदलता 'कंटिन्यू' निवडून परत यावे.

घरातल्या डोळसांसाठीही एक गोष्ट आम्ही त्या दिवशी शिकलो. मदत मागितली तर पडदा शब्दशः वाचून दाखवावा, पण बटण ज्याचा संगणक आहे त्यालाच दाबू द्यावे. त्यातल्या फाइली ही त्याची अमानत आहे, आणि निर्णयही त्याचाच आहे.