मणक्याचं ऑपरेशन: सर्जन ठरवताना

मामांनी शेजाऱ्यांच्या शब्दावर मणक्याचा सर्जन ठरवला की घरच्यांना धास्ती वाटते, आणि ती रास्तच आहे. पण ‘डॉक्टर बदला’ म्हणण्याआधी ऑपरेशन कशासाठी, हे विचारावं.

चकती सरकून पायात कळ जात असेल, तर बहुतेकांना औषधं आणि व्यायामाने दीड ते तीन महिन्यांत आराम पडतो. नुसत्या एमआरआयवर विसंबू नये. काहीही दुखत नसलेल्या विशीतल्या सुमारे ३० टक्के आणि ऐंशीतल्या ८४ टक्के लोकांतही फुगलेली चकती दिसते. मात्र लघवी अडली, मांड्यांच्या मधला भाग बधिर झाला किंवा पाऊल उचलेनासं झालं, तर चर्चेत वेळ घालवू नये. लगेच मोठं रुग्णालय गाठावं.

सर्जन अस्थिरोगतज्ज्ञ असो वा न्यूरोसर्जन, दोघेही ही शस्त्रक्रिया करतात. हेच ऑपरेशन ते नियमित करतात का, हे मला पदव्यांपेक्षा महत्त्वाचं वाटतं. चकतीचा तुकडाच काढणार की स्क्रू घालून मणके जोडणार, हेही विचारा. जोडायचे असतील तर त्याचं वेगळं कारण हवं, उदाहरणार्थ घसरलेला मणका. शिवाय पायाची कळ जशी कमी होते, तशी कंबरदुखी कमी होईलच असं नाही. मामांना हे आधी कळायला हवं.

दुसरं मत घेणं हा रुग्णाचा हक्क आहे. ते शक्यतो दुसऱ्या रुग्णालयातून घ्या. मागितल्यावर ७२ तासांत कागदपत्रं देणं डॉक्टरांवर बंधनकारक आहे. मामांना मात्र ‘तुमचा डॉक्टर बरा नाही’ असं म्हणू नका. ‘मी बरोबर येऊ का?’ एवढंच विचारा.